मुठीएवढे जठर आणि खानदेशी ताट

१/
श्रावणात खानदेशात कानबाईचा उत्सव येतो. रोटांसाठी लागणारे धान्य घरातल्या माणसांच्या नावे मुठीने मोजून घेण्याची तिथे रीत आहे. जळगाव-धुळ्याच्या काही घरांत आज त्याच रोटांना अशी माणसेही बसतात, ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने मुठीहून लहान केलेले असते. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही: आता जेवायचे कसे?

२/
लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, म्हणजेच बेरिअॅट्रिक सर्जरी, साधारणपणे दोन प्रकारे होते. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा मोठा भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराचा वरचा, जेमतेम दोन टेबलचमचे मावतील एवढा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. हे काम काही तासांत उरकते. त्यानंतर खाणे नव्याने शिकण्यात मात्र वर्षे जातात, आणि त्या शिकण्याचा इतिहास या शस्त्रक्रियेपेक्षाही जुना आहे.

३/
हा इतिहास सुरू होतो व्हिएन्नात. २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने तेरेझा हेलर या ४३ वर्षांच्या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या जठराचा खालचा भाग काढला. अशा शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचल्याची ही पहिली नोंद. पहिले २४ तास तिला फक्त बर्फ देण्यात आला. मग आधी तासाने, पुढे अर्ध्या तासाने एकेक चमचा आंबट दूध. रोग उलटल्याने सुमारे ४ महिन्यांनी ती गेली. पण कापलेल्या जठराला अन्न चमच्याने मोजून द्यावे लागते, हा पहिला धडा तिच्या खाटेपाशी लिहिला गेला.

४/
१८९७ मध्ये झुरिचला कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले. ती वर्षभराहून अधिक काळ जगली आणि थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खात राहिली. जठर ही मुख्यतः साठवणीची कोठी आहे. कोठी गेली तरी माणूस जगू शकतो, हे जगाला कळले. मात्र त्या कोठीत आणखी काय काय घडत होते, हे कळायला पुढची काही दशके लागली.

५/
१९२० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये विल्यम कॅसल यांनी दाखवून दिले की जठररसात असा एक घटक असतो, ज्याच्याविना विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होतो. त्या घटकाच्या मदतीने शरीर जे शोषते ते ब१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे करता आले. यकृतात ब१२चा साठा बराच असल्याने कमतरता लगेच दिसत नाही. वर्ष-दोन वर्षे सगळे ठीक चालते. मग हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो आणि त्याचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी जोडायचे कुणाला सुचत नाही. ज्या घरांत शाकाहारामुळे ब१२ मुळातच कमी असते, तिथे हा धोका दुप्पट.

६/
दुसरा धडा गोडाचा. १९१३ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी जठराला नवी वाट काढलेल्या रुग्णांत अन्न फार वेगाने आतड्यात उतरते, हे नोंदवले. १९२२ मध्ये सी. एल. मिक्स यांनी त्याला ‘डंपिंग’ हे नाव दिले: टोपले उलटे करावे तसे अन्न एकदम ओतले जाणे. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, पोटात कळा, भोवळ. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली गेल्याने थरथर सुटते.

७/
ही शंभर वर्षांपूर्वीची नोंद खानदेशात आखाजीच्या ताटावर ठेवून पाहावी. अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकीच्या पानात खापरावरची पुरणपोळी आणि वाटीभर आमरस असतो. बायपास झालेल्या लेकीला चार घासांतच घाम फुटतो. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. प्रत्यक्षात गूळ आणि आंब्याची साखर वाटेतला मुक्काम न करता थेट आतड्यात पोहोचलेली असते. आधी डाळ किंवा दही, गोड अगदी अखेरीस आणि घोटभर, हा त्यावरचा उपाय. सण त्यामुळे बुडत नाही, ताटातला क्रम तेवढा बदलतो.

८/
पण कमी खाणे हा शरीराचा प्रश्न आहे, हेच मुळी उशिरा मान्य झाले. त्याआधी तो संयमाचा प्रश्न मानला जाई. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सहाव्या अध्यायाच्या विवेचनात जीवनातल्या परिमिततेचा, मापात राहण्याचा विचार येतो. साधकासाठी तो मोलाचाच आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा समाज त्याच मापाने प्रत्येक स्थूल देहाचा न्याय करू लागतो: जाड आहे, म्हणजे जिभेवर ताबा नाही.

९/
या समजुतीला मोठा तडा गेला तो अमेरिकेत. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. हे निग्रही तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांची भूक भागेना आणि परतलेल्या वजनात चरबीचा वाटा अधिक होता. घटलेले वजन शरीर दुष्काळ समजते आणि परत मिळवायला झगडते.

१०/
त्याच विद्यापीठात १९५४ साली क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वजन घटवण्याची शस्त्रक्रिया मांडली. वजन उतरले, पण सततचे जुलाब, मूतखडे आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे, अशी किंमत मोजावी लागली. खाल्लेले अंगी लागूच द्यायचे नाही, हा मार्ग पुढे सोडून देण्यात आला.

११/
नवी वाट सापडली ती जुन्या रुग्णांच्या निरीक्षणातून. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुढे वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले. १९६६ मध्ये मेसन आणि चिकाशी इतो यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. अल्सरच्या रुग्णांसाठी जी तक्रार होती, ती इथे उपचार ठरली. अर्थात बिलरोथपासून जमलेले सगळे धडेही सोबत आले: चमचा, ब१२, डंपिंग.

१२/
मग भुकेचा पत्ता सापडला. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग काढला जातो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यांत ‘भूकच लागत नाही’ असे सांगणारा माणूस एका रात्रीत संयमी झालेला नसतो; त्याच्या भुकेचा निरोप्या गावात उरलेला नसतो. उलटेही तितकेच खरे: आधी सतत भुकेला असणारा तो माणूस दुबळ्या मनाचा नव्हता.

१३/
हा उपचार महाराष्ट्रात घरोघरी बोलला जाऊ लागला तो गेल्या दोन दशकांत. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना तिचे नाव परिचित झाले. तोवर एक प्रश्न पुढे आला होता: पाश्चात्त्य मापे आपल्या देहांना लागू पडतात का?

१४/
उत्तराचा मोठा भाग पुण्याहून आला. १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत झालेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना आढळले की तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची, तरीही आपल्या बाळांच्या अंगावर चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते, स्नायू मात्र कमी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांची जोडछायाचित्रे छापून आली. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, सारखाच २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के.

१५/
म्हणून मापे बदलली. १९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३५ लागे. २००९ च्या भारतीय सहमतीने ते आकडे ३७.५ आणि ३२.५ वर आणले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करण्याची मुभा दिली. ज्याला शेजारी ‘तसा काही फार जाड नाही’ म्हणतात, त्यालाही ही शस्त्रक्रिया का सुचवली जाते, याचे उत्तर इथे आहे.

१६/
आता खानदेशी ताटाकडे. पहिले काही आठवडे पातळ, मग घोटलेले, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घट्ट अन्न, असा क्रम असतो. ज्वारीची कोरडी भाकरी लवकर खाल्ली, तर ती अडते; छातीत दाटते, उलटी होते. तीच भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून, सावकाश चावून, पुढे चालते. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाच्या अंतराने. तर्रीदार शेवभाजी आणि ठेच्याला बराच काळ रजा. भरीत मऊ असले तरी त्यात प्रथिने नगण्य, आणि दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने तर हवीतच. इथे खानदेशचे स्वयंपाकघरच मदतीला येते: तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, कमी तेलातली डाळगंडोरी, दही, चालत असल्यास अंडी.

१७/
हे न सांभाळल्यास तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस झुपक्याने गळतात आणि स्नायू उतरतात. ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभराच्या. सतत उलट्या होत असतील तर ब१ संपून मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. अशा वेळी ‘दोन दिवस पाहू’ म्हणणे धोक्याचे. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे वा नाशिकला आणि घर चोपडा, अमळनेर किंवा शिरपूरला असेल, तर तपासणीची तारीख पेरणीत, लग्नसराईत हुकते. हुकलेली तारीख हीच या उपचारातली खरी मोठी फट आहे.

१८/
आणखी एक अडचण भाषेत दडलेली आहे. मराठीत ‘खात्यापित्या घरचा’ म्हणजे सुखी, ‘अंग धरले’ म्हणजे तब्येत सुधारली, आणि ‘खंगला’ म्हणजे रोग लागला. १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळाने खानदेशालाही होरपळले होते; जिथे वाळलेला देह पिढ्यान्‌पिढ्या उपासमारीची किंवा क्षयाची खूण होता, तिथे सहा महिन्यांत ३० किलो उतरलेला माणूस पाहून शेजारीण डोळ्यांत पाणी आणते, यात नवल नाही. त्यात पंगतीचा आग्रह, आणि ‘पानात टाकू नये’ हा संस्कार. नव्या जठराचा नियम नेमका उलटा: पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबायचे, पानात उरले तरी. यावर तोडगा एकच, पान लहान घ्यायचे आणि वाढणारीला आधी सांगून ठेवायचे.

१९/
अखेर वजनाची रेषा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. १० वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे काही वजन परतले, बहुतेक परतले नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही कमी राहिले. रेषा मध्येच आठवडेच्या आठवडे सपाट होते, मग थोडी वर चढते. मिनेसोटातल्या तरुणांच्या देहांनी जे केले, तेच हा देहही करतो.

२०/
तरीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी चार किलो परतले की माणूस लाजतो. ‘एवढे पैसे घालून शेवटी खाल्लेच ना’, हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळतो. तपासणी सुटते, गोळ्या सुटतात, आणि ब१२चा साठा याच सुमारास आटत आलेला असतो. वजन परतण्यापेक्षा ही लाज अधिक नुकसान करते. शंभर वर्षांच्या वैद्यकाने भुकेचा जो दोष माणसाच्या माथ्यावरून उतरवला, तो पंगतीतले एक वाक्य पुन्हा चढवू शकते.

२१/
बिलरोथने आपल्या पहिल्या रुग्णाविषयी लिहिताना ती मोठी समंजस स्त्री असल्याचा उल्लेख केला आहे. अर्ध्या तासाला एक चमचा आंबट दूध, एवढ्यावर तिने ते दिवस काढले. खानदेशात आज कुणाची शस्त्रक्रिया झालेली आई चमच्याने ताक घेत असेल, तर तीही तोच समंजसपणा दाखवत असते. घरच्यांनी तेवढा वेळ तिच्याजवळ बसावे आणि ‘अजून एक घे’ म्हणू नये.

(समाप्त)