पेठेचा संघ आणि बावड्याचा माणूस

कसबा बावड्यात उभं राहून फुटबॉलच्या इतिहासावर बोलायचं म्हटल्यावर आमच्यातल्याच एकानं विचारलं, "बावड्यात कशाला? शिवाजी पेठेत जावा की!" प्रश्न रास्त आहे. बावडा म्हटलं की लोकांना राजाराम कारखाना आठवतो, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आठवतो. १८७४ साली शाहू महाराजांचा जन्म इथल्याच लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला, ते आठवतं. खेळाचं म्हणाल तर कुस्ती, आणि लाईन बाजारची हॉकी. फुटबॉल म्हटलं की मात्र बोट पेठांकडं जातं.

पण आमचा आजचा प्रश्न फुटबॉल कोण खेळतं हा नाही. माणूस एखाद्या संघाचा होतो कसा, हा आहे. आणि त्या प्रश्नासाठी आम्हाला पेठेपेक्षा बावडा जास्त उपयोगी वाटतो. का, ते सांगतो.

आधी पेठेचं बघू. कोल्हापूरच्या संघांची नावं नुसती वाचा. पाटाकडील तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ, फुलेवाडी. ही नावं कमी आणि पत्ते जास्त आहेत. 'पाटाकडील' म्हणजे पाटाच्या कडेची. दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशी वेगळ्या धाटणीची नावं आहेत, नाही असं नाही. पण त्यांचंही घर कुठं आहे ते शहरात कुणाला विचारावं लागत नाही. नाव पत्त्याचं असलं की तिथं राहणाऱ्याला निवड उरत नाही. शिवाजी पेठेतल्या पोराला "तू शिवाजीचा का झालास?" असं विचारून बघा. तो तुमच्याकडंच विचित्र नजरेनं बघेल.

आता तालीम हा शब्द. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडं थांबतो. तालीम म्हणजे मुळात लाल माती, आखाडा, मारुती. पण कोल्हापुरात दोन तऱ्हेच्या तालमी आहेत. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या मल्लांच्या तालमी. तिथं गावोगावची पोरं येऊन राहतात आणि मेहनत करतात. दुसरी ती पेठेची तालीम. तिथं राहायला कुणी येत नाही, कारण सगळे शेजारीच राहतात. तिचा गणपती असतो, शिवजयंती असते, कुठं कुठं मोहरमचा पंजाही बसतो. बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजा एकत्र बसलेले शहरानं पाहिलेत. वर्गणी, मिरवणूक, भांडण, आणि भांडण मिटवणारी वडीलधारी माणसं, हे सगळं तालमीपाशी आधीपासून होतं. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवं घर बांधावं लागलं नाही. तो तयार घरात शिरला.

सन सांगायचे तर १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली. राजाराम महाराजांचं ते अखेरचं वर्ष. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पैलवानाला खुराक देणारा, जोड लावणारा दरबार गेला. कुस्ती त्यानंतरही टिकली, हे खासबागेत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. पण पेठेच्या तालमीला अकरा पोरं उतरवायला राजाश्रय लागत नव्हता. एक चेंडू पुरत होता, आणि मैदान.

मैदानाची गोष्ट तर आम्हाला फार आवडते. जुन्या कोल्हापुरात तळीच तळी. वरुणतीर्थ तळं गेलं, तिथं गांधी मैदान आलं. रावणेश्वराचं तळं गेलं, तिथं शाहू स्टेडियम उभं राहिलं. तळी बुजवली याची हळहळ वाटायलाच हवी. पण दाट वस्तीच्या शहरात, घरापासून हाकेच्या अंतरावर, पोरांना मोकळी जागा मिळाली ती त्या तळ्यांच्या पोटात, हेही खरंच.

कुस्ती आणि फुटबॉल यांतला एक फरक इथं लक्षात घ्या. आखाड्यात एक पैलवान उतरतो. तो सांगलीकडचा असेल, सोलापूरचा असेल, पार पंजाबचाही असेल. तुम्ही त्याच्या डावाचे चाहते होता. उद्या दुसरा आवडला तर तुम्हाला कुणी फितूर म्हणत नाही. फुटबॉलमध्ये मैदानावर गल्ली उतरायची. गोलात उभा राहणारा तुमचा चुलतभाऊ, बॅकला समोरच्या वाड्यातला. तो हरला तर दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत तुम्ही हरलेले असता.

जगात सगळीकडं असंच आहे का? नाही. कोलकात्यात मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं ईस्ट बंगालच्या पाठीशी उभी राहिली. जे गाव सुटलं त्याचं नाव त्या संघात होतं. म्हणजे तिथं हरवलेला पत्ता, आणि आपल्याकडं हयात पत्ता. मुंबईत कंपन्यांचे संघ होते. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. कागदावर सही झाली, विषय संपला. पेठेची तालीम अशी बंद करता येईल का, याचा विचार करून बघा. सही कोण करणार?

आता बावड्याकडं येऊ. बावडा हे गाव. शहराला चिकटलं, शहरात आलं, तरी स्वतःला गावच समजणारं. भवानी मंडपातून न्यू पॅलेसवरून येणारा रस्ता बावड्याला पोचतो तेव्हा पेठा मागं राहिलेल्या असतात. इथला माणूस कुठल्याही पेठेत जन्मत नाही. तरी सिझनमध्ये भगवा चौकातनं स्टेडियमकडं पोरं निघतात, आणि त्यांत पीटीएमचे असतात, शिवाजीचे असतात, दिलबहारचे असतात. एकाच घरात दोन संघ असतात. हे कुठनं आलं?

आम्ही विचारत फिरलो तेव्हा उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा एकाच शब्दानं झाली. आजोळ. "माझं आजोळ मंगळवार पेठेत." "मामा न्यायचा." उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर आजोळी जायचं आणि नेमका त्याच दिवसांत फुटबॉलचा हंगाम रंगात. मामाच्या सायकलीवर पुढच्या दांडीवर बसून स्टेडियम, हातात शेंगा, आणि मामा ज्याला शिव्या देईल तो आपला शत्रू. घरी बावड्याला परत येईपर्यंत संघ ठरलेला. वडिलांना पत्ताच नाही! ते आपले उसाच्या तोडीत.

म्हणजे बघा, पेठेत संघ बापाकडून येतो. पेठेबाहेर तो आईकडून येतो. आम्हाला हे आधी सुचलं नव्हतं, आणि आता ते डोक्यातनं जात नाही. कारण ती आई स्वतः स्टेडियमवर कधी गेली असेलच असं नाही. तालमीच्या फलकावर तिचं नाव शोधू नका, सापडणार नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सगळे बाप्ये. पण तिचं लग्न बावड्यात झालं म्हणून मंगळवार पेठेचा संघ बावड्यात आला. क्लबांचा इतिहास चषकांच्या यादीवरून लिहितात. लग्नपत्रिकांवरून लिहिला तर तो निराळाच दिसेल, असं आमचं मत आहे.

दुसरे रस्तेही आहेत. हायस्कूलच्या बाकावर शेजारी बसलेला पेठेतला मित्र. कामाच्या ठिकाणचा फोरमन. हे रस्ते कमी पक्के, आणि हरायला लागलं की माणूस "आपण काय, खेळ बघतो" म्हणतो. आजोळचा माणूस तसं म्हणत नाही. वर्ल्ड कपचं तर सोडूनच द्या. ब्राझील, अर्जेंटिना, चौकाचौकांत मेस्सी-रोनाल्डोचे फलक, दर चार वर्षांनी शहर वेडं होतं. ते प्रेम खरं आहे, पण त्याचा नाद टीव्हीनं लावला. कुणाचा मामा ब्युनॉस आयर्सला नव्हता.

एक संघ मात्र बावड्याच्या वाटेवरचा म्हणता येईल, तो पोलिसांचा. मुख्यालय आणि त्याचं मैदान याच रस्त्याला. संघ शिस्तीचा, चांगला खेळला की टाळ्या पडतात. पण त्याच्यामागं पेठ नाही. बदली होणाऱ्या माणसाला पत्ता नसतो, आणि आजोळ तर नसतंच.

याच मैदानापाशी एक कडू गोष्टही सांगायला हवी. गेल्या काही वर्षांत पेठांचे संघ बदलले. खेळाडू नोंदणीच्या वेळी या संघातून त्या संघात जातात, बाहेरगावचे येतात, आफ्रिकेतलेही येऊन खेळून गेले. मैदानावर आता गल्ली उतरत नाही. गल्ली राहिली गॅलरीत. पूर्वी पाय आणि गळा दोन्ही पेठेचे होते. आता पाय कुणाचेही, गळा तेवढा पेठेचा. पीटीएम-शिवाजी सामन्याला एवढा बंदोबस्त का लागतो, याचं एक कारण आम्हाला इथं दिसतं. मैदानावर दाखवायचं ते गॅलरीत दाखवायला लागलं की दगड, बाटल्या आणि मोबाइलवरची खुन्नस हातात येते.

मग गुन्हा नोंद होतो. आणि पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी, सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं कुठली असतात? हीच. भरतीत धावणं निघतं, लेखी निघते, आणि चारित्र्य पडताळणीला स्टेडियमवरची ती एक संध्याकाळ समोर येते. यात पेठेच्या पोराला निदान तालमीतली चार वडीलधारी माणसं सोबत असतात, वकील बघतात, धावपळ करतात. बावड्याचं पोर मामाच्या संघासाठी अडकलं तर त्याच्यामागं कोण? मामा एकटा. ही तक्रार आम्ही एका घरात नाही, अनेक घरांत ऐकली. तालमींनी आपल्या याद्या पेठेच्या हद्दीशी थांबवू नयेत, असं आम्हाला वाटतं. जो तुमच्या नावानं ओरडतो तो कुठनं येतो ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. सामन्याआधी त्याला आवरायलाही, आणि नंतर सोडवायलाही.

आता वेळ होत आली. दाराशी तुम्हाला एक कोरी चिठ्ठी दिलीय. तीवर आपलं नाव लिहू नका. तीनच गोष्टी लिहा: तुमचा संघ, तुमचं राहतं ठिकाण, आणि आईचं माहेर. ज्यांचा संघच नाही त्यांनीही लिहा, उलट त्यांनी आवर्जून लिहा. जाताना त्या डब्यात टाका. पुढच्या वेळी येताना मोजून आणतो. आणि आमचा आजोळाचा अंदाज चुकला असला तर तेही इथंच, याच माइकवर सांगू. हां, मागच्या रांगेतले दादा हात वर करून बसलेत केव्हाचे. बोला दादा, कुणाचे तुम्ही?