गोल खेळाडूचा, असिस्ट गुणलेखकाचा

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि गवताचं मैदान येतं. पण नामांकित खेळाडू स्वतःच्या नावावरचे आकडे फुगवतात की काय, हा वाद रंगतो तो कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत. तिथल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूच्या खात्यात दोन गोष्टी जमा होतात. गोल केला तर एक गुण, आणि त्या गोलाआधीचा पास दिला, म्हणजे असिस्ट केला, तरीही एकच गुण. एका गोलामागे दोन असिस्ट देता येतात, म्हणजे फलकावर एक गोल लागला की वहीत तीन गुण वाटले जाऊ शकतात. इथेच संशयाला जागा मिळते, आणि तो थेट मोठ्या खेळाडूवर जातो. लीगचा शंभर वर्षांचा हिशेब पाहिला तर आकडे फुगलेले दिसतात हे खरं. पण फुगवणारा हात बहुतेक वेळा नियम करणाऱ्यांचा किंवा लेखणी धरणाऱ्याचा आहे. खेळाडूचा स्वतःचा वाटा थोडा, आणि तोही उघड्यावरचा.

१९२८-२९चा हंगाम घ्या. त्या वर्षी एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीन गोलही होत नव्हते. माँट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ ४४ सामने खेळला आणि त्यांतल्या २२ सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या एस बेलीचे गुण होते अवघे ३२. प्रेक्षक कंटाळत होते, म्हणून पुढच्या हंगामात लीगने आक्रमणाच्या भागातही पुढे पास द्यायला परवानगी दिली. मग काही खेळाडू पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, येण्याची वाट पाहत प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकासमोर तळच ठोकून बसू लागले. गोलांचा असा पाऊस पडला की हंगामाच्या मध्यावर, डिसेंबरात, पकाच्या आधी आक्रमणाच्या भागात शिरायला बंदी घालावी लागली. तरीही वर्षाखेर बॉस्टनच्या कूनी वायलंडच्या नावावर ४३ गोल आणि ७३ गुण होते. सामने तेवढेच, ४४. आदल्या वर्षी याच वायलंडचे गोल होते ११. एका उन्हाळ्यात त्याचा हात चौपट सुधारला असं कोणी म्हणणार नाही, आणि त्याने लबाडी केली असंही नाही. बदलला तो नियम.

असिस्टची गोष्ट याहून नाजूक आहे. क्रिकेटमध्ये धाव झाली की नाही याला गुणलेखकाच्या मताची गरज नसते. असिस्टला मात्र ती लागते. पक शेवटी कोणाच्या काठीला लागला, मध्ये प्रतिस्पर्ध्याने तो ताब्यात घेतला होता की नुसता स्पर्श झाला, हे रिंकच्या वर बसलेला एक माणूस ठरवतो, आणि जुन्या काळी तर तो एकदाच, नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवत असे. सुरुवातीच्या वर्षांत हे लोक हात आखडूनच असिस्ट देत. पुढे एका गोलामागे जास्तीत जास्त दोन हा दंडक रुळला आणि दुसऱ्या, लांबच्या पासलाही तेच मोल आलं. न्यू यॉर्क रेंजर्सचा फ्रँक बुशे १९२८-२९मध्ये १६ असिस्टवर लीगमध्ये पहिला होता. पुढच्याच वर्षी तो ३६वर पहिला आला. या वाढीतलं किती नव्या पासचं आणि किती उदार लेखणीचं, हे आज वेगळं काढता येत नाही. पहिल्या पिढीतल्या पासर्सवर यात अन्याय झाला आहे, असं मला वाटतं. आजच्या मापाने त्यांची खाती आणखी भरली असती.

आता आक्षेप. नियम सगळ्यांना सारखेच, पण फुकटचा फायदा उचलतो तो ताराच, असं म्हटलं जातं. माँट्रियलच्याच मॉरिस रिचर्डला हे आयुष्यभर ऐकावं लागलं. १९४४-४५मध्ये त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले, पन्नासावा हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, बॉस्टनमध्ये. फ्रँक ब्रिमसेक आणि टर्क ब्रोडासारखे गोलरक्षक तेव्हा युद्धात होते, म्हणून हे स्वस्तातले गोल, असं टीकाकार म्हणत. ते परतल्यावर १९४५-४६मध्ये रिचर्डचे गोल २७वर आले, तेव्हा टीकाकारांना पुरावाच मिळाला. पण त्याच्या पुढच्या वर्षी त्याने ४५ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला, आणि १९५७मध्ये ५०० गोलांचा टप्पा गाठणारा तो पहिला ठरला. शिवाय त्या युद्धवर्षांत दुबळ्या गोलरक्षकांसमोर तो एकटाच खेळत नव्हता. पन्नासापर्यंत पोचला तो एकटा.

वेन ग्रेट्झ्कीवरचा आरोप जास्त गंभीर, कारण त्याचे आकडेच अवाढव्य. १९८०च्या दशकात सामन्यामागे सरासरी आठच्या आसपास गोल होत. ३० डिसेंबर १९८१ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने पाच गोल करून ३९ सामन्यांत पन्नाशी गाठली, आणि त्यातला पाचवा, म्हणजे पन्नासावा, तीन सेकंद उरले असताना रिकाम्या जाळ्यात गेला. पिछाडीवरचा संघ शेवटी गोलरक्षक बाहेर काढून जादा खेळाडू आत पाठवतो, त्यामुळे जाळं उघडं पडतं. आकडे फुगवल्याचा यापेक्षा बोलका पुरावा कुठे मिळणार? पण वजाबाकी करून पाहा. त्याच्या ८९४ गोलांपैकी रिकाम्या जाळ्यातले ५६, म्हणजे शंभरात सहा. असिस्ट १९६३. त्यातले एक तृतीयांश लेखणीच्या उदारपणाचे धरून खोडले तरी १३०९ असिस्ट आणि ८९४ गोल मिळून २२०३ गुण उरतात. दुसऱ्या क्रमांकावरच्या यारोमिर यागरचे, काहीही न खोडता, १९२१. १९८१-८२मध्ये ग्रेट्झ्कीचे २१२ गुण होते, त्याच्या खालोखाल माइक बॉसीचे १४७. गोलांची सुगी बॉसीलाही होती. आणि लीगने ग्रेट्झ्कीचे लाड केले असंही नाही. दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूला एकाच वेळी शिक्षा झाली की बर्फावर चार विरुद्ध चार उरत, आणि त्या मोकळ्या जागेत ग्रेट्झ्कीचा एडमंटन संघ प्रतिस्पर्ध्यांना झोडपून काढी. १९८५मध्ये लीगने नियम बदलून ती वाट बंद केली. त्याच हंगामात ग्रेट्झ्कीने २१५ गुण केले. हा उच्चांक अजून कोणी मोडलेला नाही.

खेळाडूला स्वतःचं खातं वाढवण्याची संधीच नसते, असा याचा अर्थ नाही. शेवटच्या मिनिटाला रिकामं जाळं दिसत असताना बर्फावर कोण उतरणार, यात ताऱ्याच्या इच्छेला वजन असतंच. ग्रेट्झ्कीच्या त्या ५६च्याही पुढे अलेक्झांडर ओवेच्किन गेला आहे, आणि त्याबद्दल त्याला टोमणेही बसतात. मात्र एप्रिल २०२५मध्ये शिकागोविरुद्ध दोन गोल करून त्याने ८९४ची बरोबरी साधली, तेव्हा शेवटी समोरचं जाळं रिकामं असूनही तो बर्फावर उतरला नाही. विक्रम रिकाम्या जाळ्यात करायचा नव्हता त्याला. दोन दिवसांनी, ६ एप्रिलला, न्यू यॉर्क आयलँडर्सविरुद्ध त्याने ८९५वा गोल केला, तो इल्या सोरोकिन या गोलरक्षकाला चकवून.