1871 सालचे दोन कोंडवाडे

परसातला गोठा, शेजारी कडब्याची गंज, अवजारांची खोपी आणि वर्षभराचं धान्य. शेतकरी घराची जंगम मालमत्ता बहुतेक एवढीच. ती घुशींपासून, मोकाट गुरांपासून आणि चोरांपासून कशी राखायची, या प्रश्नाला देशावरच्या गावांनी दिलेली जुनी उत्तरं पाहिली तर त्यात कुलपाचा वाटा अगदीच थोडा दिसतो.

धान्यासाठी पेव होतं. जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद खड्डा. आतून काड आणि भूस लावायचं, धान्य भरायचं आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचं. बंद पेवात धान्य स्वतःच्या श्वसनाने प्राणवायू संपवतं, त्यामुळे किडे तगत नाहीत. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. आतल्या कोंडलेल्या हवेने माणूसही दगावतो. पेवाला कुलूप नव्हतं. ते कुठे आहे हे परक्याला न कळणं हीच त्याची कडी. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज आपण कोचिंग क्लासच्या जाहिरातींबद्दल वापरतो, पण मूळ चित्र त्या खड्ड्यातल्या धान्याचं आहे.

चोरांसाठी माणसं होती. वेशीवर वेसकर आणि रात्रीच्या गस्तीला रामोशी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचं वर्णन आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की तो त्या गावाच्या हवाली करायचा. पुढची जबाबदारी त्यांची. आपल्याच हद्दीत माग हरवला तर भरपाईचा बोजा राखणदारावर आणि गावावर. म्हणजे ही व्यवस्था दार मजबूत करण्याची नव्हती. झालेली चोरी कोणाच्या खाती टाकायची, हे आधी ठरवून ठेवण्याची होती. आमच्या संगणकाच्या धंद्यात भक्कम तटबंदीइतकीच किंमत नोंदवहीला असते, कोण कधी आत आलं याच्या नोंदीला. गावाची ती नोंदवही धुळीत उमटत होती आणि ती वाचायला शिकलेली माणसं गावाने पोसली होती.

हा काही सुवर्णकाळ नव्हता. वेशीचं रक्षण करणाऱ्यांना जातीने वेशीबाहेर किंवा गावकडेलाच ठेवलं जाई. राखणीच्या हक्कात धाकही मिसळलेला होता: पुणे कॅम्पातले बंगलेवाले पुढेही रामोशी राखणीला ठेवत, कारण ठेवला नाही तर चोरी होईल अशी भीती असे. पण त्या कामाला गावात जागा होती, हक्क होता. 1818 नंतर किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या, जुने हक्क गेले. 1820च्या दशकात पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांचं बंड झालं, त्यामागे हेच होतं.

मग 1871 साल येतं. त्या वर्षीचा पहिलाच कायदा गुरांच्या अतिक्रमणाचा. दुसऱ्याच्या शेतात घुसलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवायचं. या कायद्याच्या व्याख्येतल्या ‘गुरां’मध्ये हत्तीपासून करडापर्यंत सगळे येतात. सात दिवसांत कोणी आलं नाही तर पोलिसांना खबर, मग नोटीस आणि शेवटी लिलाव. यात एक बारीक सोय आहे. आपलं जनावर विनाकारण कोंडलं असं मालकाला वाटलं, तर दहा दिवसांच्या आत त्याला न्यायाधीशाकडे तक्रार करता येते आणि भरपाई मिळू शकते.

त्याच वर्षीचा सत्ताविसावा कायदा गुन्हेगार जमातींचा. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नोंद, हजेरी आणि फिरण्यावर बंदी. या जाहीरनाम्याची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही, असं कलम त्यातच घातलेलं होतं. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की फरक लख्ख दिसतो. चुकून कोंडलेल्या बैलासाठी दाद मागायची सोय होती. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसासाठी नव्हती.

हा दुसरा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 साली तो सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. सोलापुरात त्या भागाला अजूनही ‘सेटलमेंट’च म्हणतात. काटेरी तार मुळात जनावरांसाठी होती. तिच्या सर्वांत यशस्वी प्रकाराचं पेटंट 1874 साली अमेरिकेत, इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने घेतलं, ते गुरं आवरायला.

स्वातंत्र्यानंतर आधी मुंबई राज्यात आणि मग 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. ज्यांनी दुसऱ्यांचे गोठे आणि खळी राखली, त्यांच्या कपाळी ‘मुक्त केलेले’ हा शब्द आला.

शिक्का कागदावरून गेला तरी संशयाची सवय गेली नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भटक्या डवरी गोसावी समाजाचे होते.

आज गोठ्यावर कॅमेरा बसतो, खोपीला भक्कम कुलूप लागतं. दोन्ही उपयोगी आहेत, बसवावेतच. पण चोरी झाल्यावर चोर शोधायला पाऊल पाहिलं जातं की गावाबाहेरचं पाल, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. जुना राखणदार निदान पावलाचा माग काढत होता. ते पाऊल कोणत्या जातीचं, हे धुळीत उमटत नाही.