लोखंडाची वस्त्रे



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने रंग आणि गंज या विषयावर बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी किंवा होळकरकालीन इंदूर, असा काही विषय मी निवडेन, अशी संयोजकांची अपेक्षा होती. परंतु हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्या सरांनी आम्हांला ना काव्य शिकवले ना इतिहास. ते हस्तव्यवसायाचे शिक्षक होते. शाळेच्या मागील पत्र्याच्या खोलीत रंधा, कानस आणि हातोडी यांच्या सहवासात त्यांनी आम्हांला जे दिले, त्याचे मोल कळायला मला साठी ओलांडावी लागली. त्यांच्या स्मृतीला साजेल, असा विषय मी घेतला आहे : माणसाने लोखंडाला घातलेल्या वस्त्रांचा इतिहास.

१९६० नंतरच्या दशकातली गोष्ट. शाळेचे लोखंडी फाटक रंगवण्याचे काम आमच्या वर्गाकडे आले. सरांनी आधी गंज खरवडायला सांगितला होता. मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी आमच्या वाट्याचा भाग खरवडण्याचा कंटाळा केला आणि गंजावरच झकास हिरवा रंग फासून मोकळे झालो. पावसाळा संपला. सरांनी आम्हांला फाटकापाशी नेऊन नखाने रंगाचा पापुद्रा उचलला. त्याखाली तांबडी भुकटी होती. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “रंग गंजाला धरून बसला रे, लोखंडाला नव्हे.” लेपशास्त्राचे पहिले सूत्र हेच आहे, हे मला फार नंतर समजले. त्या मित्राला ते लवकर समजले, कारण त्याने पुढे तोच व्यवसाय पत्करला. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

इंदुराहून धार फार दूर नाही. आपल्यापैकी अनेकांनी तेथील लाट मशिदीच्या आवारातला लोहस्तंभ पाहिला असेल. तीन तुकड्यांत पडलेला, मूळचा सुमारे १३ मीटर लांबीचा आणि ७ टनांच्या आसपास वजनाचा हा स्तंभ परंपरेने भोजराजाच्या काळाशी जोडला जातो. दिल्लीचा गुप्तकालीन स्तंभ याहून प्रसिद्ध : उंची ७ मीटरांहून थोडी अधिक, वजन ६ टनांहून जास्त आणि वय सोळाशे वर्षांच्या घरात. या लोखंडाला कोणी रंग दिला नव्हता. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले, की जुन्या भारतीय भट्टीतील लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक राहत असे आणि त्यामुळे कालांतराने पृष्ठावर एक अतिशय पातळ, चिवट थर आपोआप तयार झाला. म्हणजे हे कर्णासारखे जन्मजात कवच! पण कर्ण एखादाच. बाकीच्या लोखंडाला वस्त्र शिवावे लागते.

आपल्या घरांत त्याचे दोन नमुने होते. एक कल्हई आणि दुसरा शेंदूर. कल्हई तांब्यापितळेची, कथिलाचा तो पातळ मुलामा नसता तर आपल्या आज्यांची ताक-कढी कळकली असती. शेंदूर हा शिशाचा तांबडा प्राणिद. जवसाच्या तेलात घोटलेला शेंदूर लोखंडावर दिला, की तेल आणि शिसे यांच्या संयोगाने गंजाला आवर घालणारे द्रव्य तयार होते. एकोणिसाव्या शतकातील पूल, जहाजे, गोदामे आणि रेल्वेचे डबे यांचे अस्तर बहुधा हेच असे. देवाच्या अंगावरचा आणि पुलाच्या अंगावरचा शेंदूर एकच, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

पण रक्षण करू जाता भलतेच घडते, याचाही एक जुना दाखला आहे. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत. खाऱ्या पाण्यात ते झिजत. ब्रिटिश आरमाराने हा प्रश्न हंफ्री डेव्ही यांच्यापुढे ठेवला. १८२४ साली त्यांनी सुचवले, की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडावेत. ते तुकडे स्वतः झिजतील आणि तांबे वाचेल. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला, त्यांतील ‘समरँग’ हे आपल्या कोचीनला बांधलेले होते. तांबे खरोखरच वाचले. परंतु तांब्याचा जो अंश पाण्यात विरघळत होता, तोच शेवाळ आणि शिंपले यांना दूर ठेवत होता, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. झीज थांबली तशी जहाजांची बुडे शिंपल्यांनी भरली, वेग मंदावला आणि आरमाराने समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांपुरता तो उपाय सोडून दिला. डेव्हींचे तत्त्व मात्र खरे होते. जमिनीत पुरलेल्या तेल-वायूंच्या नळांना आजही त्याच तत्त्वाचे संरक्षण दिले जाते. १९८० नंतरच्या दशकात हजिऱ्याहून गुना जिल्ह्यातील विजयपूरमार्गे जगदीशपूरला गेलेली वायुवाहिनी आपल्याच प्रदेशाच्या पोटातून गेली आहे. अशा नळाला एक वस्त्र बाहेरून आणि एक पहारेकरी विजेच्या रूपाने, अशी दुहेरी व्यवस्था असते.

आता त्या वस्त्राचा धोटा जो, त्या फवाऱ्याकडे वळू. शतकानुशतके लेप देण्याचे साधन म्हणजे कुंचला. फवाऱ्याचा जन्म रंगाच्या दुकानात नव्हे, दवाखान्यात झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात, टोलेडो गावी अ‍ॅलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध नीट पोहोचावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तुषार उडवणारे एक छोटे उपकरण बनवले. त्यांच्या मुलाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच तत्त्वावर रंगाचे पिस्तूल सिद्ध केले. १९२० नंतर लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले आणि ज्या मोटारीला रंगवून वाळायला आठवडे लागत, ती काही दिवसांत तयार होऊ लागली. कारखानदारीचा वेग वाढवण्यात या पिस्तुलाचा वाटा मोठा आहे. मात्र घशाला बरे करण्यासाठी निघालेले हे साधन पुढे रंगाऱ्याच्याच घशात काय सोडणार होते, याची त्या डॉक्टरांना कल्पना असणे शक्य नव्हते.

पुढचा टप्पा इपॉक्सीचा. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या संशोधनातून १९३० ते १९५० या काळात ही राळ उपयोगात आली. तेलरंग हवेने वाळतो. इपॉक्सी वाळत नाही, ती ‘जमते’. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य, ही दोन निरनिराळी ठेवायची आणि लावण्याच्या वेळी एकत्र करायची. एकत्र आली की घड्याळ सुरू झाले. प्रमाण चुकले तर दोघांपैकी जे अधिक झाले, त्याचे कण जोडीदाराविना राहतात आणि लेप कायमचा चिकट, मऊ किंवा ठिसूळ राहतो. स्कॉटलंडमधील १८९० सालचा फोर्थ पूल न संपणाऱ्या रंगकामाबद्दल प्रसिद्ध होता. इंग्रजीत त्यावरून वाक्प्रचारच पडला. काचेच्या पापुद्र्यांनी बळकट केलेल्या इपॉक्सीचे थर देऊन २०११ साली त्याचे काम पूर्ण झाले, तेव्हा पंचवीस वर्षे तरी पुन्हा हात लावावा लागणार नाही, अशी हमी धरण्यात आली. एका वाक्प्रचाराचा आधारच रसायनाने काढून घेतला!

पण मोठ्या पुलासाठी तापवलेल्या नळ्यांची अवजड यंत्रे आणता येतात. नळाच्या एका सांध्यासाठी, टाकीवरच्या हातभर ओरखड्यासाठी काय करायचे? डब्यात काठीने ढवळायचे तर प्रमाण अंदाजाचे आणि निम्मा माल डब्यातच घट्ट. या अडचणीतून काडतुसाचे फवारा-पिस्तूल आले. शब्दांवर क्षणभर थांबण्याची सवय मला सुटत नाही. काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले, तोफा-बंदुकांच्या संगतीने. रोगण फारसीतून आले, कल्हई अरबीतून. मारण्यासाठी आलेले शब्द आता राखण्याच्या कामी लागले, हे भाषेचे औदार्य.

या पिस्तुलाचे काम माझ्या त्या मित्राने मला त्याच्या मुलाच्या कामावर नेऊन दाखवले. काडतुसात दोन कप्पे असतात. एकात राळ, दुसऱ्यात घट्ट करणारे द्रव्य. एकास एक, दोनास एक, चारास एक, जे प्रमाण हवे ते कप्प्यांच्या आकारातच बांधलेले. काडतूस पिस्तुलात बसवून टोपण काढायचे आणि दट्ट्या हलकेच दाबायचा. दोन्ही तोंडांतून माल सारखा येऊ लागला की मगच पुढे मिश्रणनळी लावायची. ही पायरी गाळली तर आरंभीचा माल एकाच कप्प्यातला येतो. मिश्रणनळीत हलणारे काहीच नसते. पिळाच्या आकाराचे स्थिर पडदे असतात. प्रत्येक पडदा प्रवाहाचे दोन भाग करून पुन्हा एकत्र आणतो. दोनाचे चार, चाराचे आठ, असे वीस पडद्यांत हिशेबाने दहा लाखांहून अधिक पदर होतात. नळीच्या टोकाशी कोरडी, तेलाचा अंश नसलेली दाबाची हवा येते आणि मिश्रणाचे तुषार करते. हवा आधी सोडायची, माल नंतर. थांबताना माल आधी, हवा शेवटी. पहिला फवारा पुठ्ठ्यावर टाकून द्यायचा. कडा आणि सांधे आधी घ्यायचे, कारण लेप तेथेच पातळ राहतो. मग पृष्ठाशी काटकोन धरून सारख्या चालीने हात फिरवायचा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. ओल्या थराची जाडी दातेरी फणीने मोजायची. मध्ये चहाला गेलात तर नळी आतून दगड झालेली असते. ती फेकून नवी लावायची.

आणि या सर्वांच्या आधी? आधी लोखंड स्वच्छ करायचे. खड्यांचा मारा करून ते करड्या-पांढऱ्या रंगाचे, किंचित खरखरीत होईपर्यंत. हवेतली आर्द्रता पंचाऐंशी टक्क्यांच्या खाली हवी आणि धातूचे तापमान दवबिंदूहून तीन अंश तरी वर. नाहीतर डोळ्यांना न दिसणारे दव लेपाखाली कोंडले जाते. मित्राचा मुलगा तापमापक लावून आकडे वहीत टिपत होता. मला फाटक आठवले.

मित्र मात्र पंचवीस-तीस पावले दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा होता. तो जवळ आला नाही. त्याचे कारण सांगतो. तरुणपणी तो बसगाड्या रंगवणाऱ्या एका कारखान्यात लागला. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, तशी ठिकाणे अनेक होती. तेथे दोन घटकांचा चकचकीत पॉलियुरेथेन रंग बंदिस्त शेडमध्ये उडवला जाई. तोंडाला रुमाल, एवढेच संरक्षण. त्या रंगाच्या दुसऱ्या घटकात डायआयसोसायनेट असतात. आयसोसायनेट हा शब्द मध्य प्रदेशातला माणूस २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीनंतर शांतपणे ऐकू शकत नाही. भोपाळचा मिथिल आयसोसायनेट वायू निराळा, कितीतरी अधिक उडणारा आणि घातक. पण कुळ तेच. रंगातील द्रव्य एका रात्रीत मारत नाही. ते श्वासनलिकेला चिडके करून ठेवते आणि एकदा ती चिडली, की पुढे अत्यल्प अंशानेही दम लागतो. माझ्या मित्राला चाळिशीत दमा जडला. रुमालाने तुषार अडत नाहीत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पिस्तूल धरण्याचा त्याचा हात अजून स्थिर आहे, श्वास नाही.

हे अज्ञान जुने होते काय? नव्हते. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कारागिरांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला आणि त्यात चित्रकार-रंगाऱ्यांना रंगद्रव्यांमुळे होणाऱ्या विकारांची नोंद केली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२१ साली इमारतींच्या आतील कामात पांढऱ्या शिशाच्या वापराला आळा घालणारा करार केला. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिसे दशलक्षात नव्वद भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट हाताळणाऱ्या कामगाराला आधी प्रशिक्षण देणे सक्तीचे आहे. या तारखा एका रांगेत ठेवल्या, की माहिती आणि कृती यांमधले अंतर दिसते. ते अंतर कोणाच्या तरी छातीने भरून काढलेले असते.

इतिहास लिहिताना आपण पूल कोणी बांधला, हे विचारतो. फार तर किती खर्च आला, हे विचारतो. तो कोणी रंगवला, हे विचारत नाही. १९७८ साली नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढून इंदुरात आले, तेव्हा आपण सारे पाणी पाहायला गेलो होतो. नळ कोणी जोडले, कोणी राखले, हे पाहायला कोणी गेले नाही. मीही नाही.

सरांच्या स्मरणार्थ शाळेने हस्तव्यवसायाची खोली पुन्हा सुरू करण्याचे ठरवले आहे, असे कळले. माजी विद्यार्थी त्यासाठी देणगी देणारच आहेत. माझी एवढीच विनंती, की यादीत रंग, कुंचले आणि यंत्रे लिहिण्यापूर्वी श्वसनाचे योग्य मुखवटे, हातमोजे आणि हवा खेचणारा पंखा लिहावा. मुलांना आधी गंज खरवडायला शिकवावे आणि त्याही आधी मुखवटा बांधायला. लोखंडाला वस्त्र घालणारा हात उघडा राहू नये.

त्या दिवशी काम आटोपल्यावर मित्राच्या मुलाने मुखवटा उतरवला, घाम पुसला आणि वाळलेल्या भागावर नख घासून पाहिले. पापुद्रा निघाला नाही. माझ्या मित्राने लांबूनच विचारले, “धरलं का?” मुलगा म्हणाला, “धरलं, बाबा.” आम्ही दोघेही काही बोललो नाही. सर तेथे असायला हवे होते, असे मात्र दोघांच्याही मनात एकदमच आले असावे.