मधल्या इयत्तांतील इंग्रजी : जयपूर आणि मुंबई इलाखा

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. पदवीधरांची पहिली पिढी, तिने काढलेली नियतकालिके व संस्था यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु या पिढीची इंग्रजी घडली ती महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वी, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत. त्या वर्गांत मुलांकडून कोणती अपेक्षा केली जाई, कोणता अभ्यास करवून घेतला जाई आणि त्याचा देशी भाषांशी काय संबंध होता, याचा विचार जयपूर संस्थान व मुंबई इलाखा यांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

१८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाने उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, ही दिशा ठरली. तिचा प्रभाव ब्रिटिश मुलखापुरता मर्यादित राहिला नाही. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत १८४४ साली राजधानीत शाळा सुरू झाली आणि तीच पुढे महाराजा कॉलेज म्हणून नावारूपास आली. संस्थानाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. त्यामुळे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता विद्यापीठाशी आणि नंतर १८८७ च्या अलाहाबाद विद्यापीठाशी तिचा संबंध जुळला. राजपुताना विद्यापीठ जयपुरात स्थापन झाले ते १९४७ साली. याचा अर्थ असा, की जयपूरच्या मुलाने किती इंग्रजी शिकावी याचे माप शंभर वर्षांच्या आसपास जयपूरबाहेर ठरत होते.

मुंबई इलाख्यातील चित्र थोडे निराळे होते. येथे माध्यमाचा प्रश्न आधीच वादाचा झालेला होता. १८४० नंतरच्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा पक्ष घेतला, तर जगन्नाथ शंकरशेट यांनी लोकभाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला. या वादातून कोणत्याही पक्षाचा निर्णायक विजय झाला नाही. पुढे रूढ झालेल्या व्यवस्थेत मराठी चार इयत्ता संपल्यावर ‘इंग्रजी पहिली’ सुरू होई आणि इंग्रजी सातवीनंतर मॅट्रिक येई. तालुक्याच्या अनेक गावी ‘ए. व्ही. स्कूल’ म्हणजे इंग्रजी तिसरीपर्यंतची शाळा असे. तेथून पुढे शिकायचे तर शहर गाठावे लागे. इंग्रजी तिसरी ही अशा रीतीने निवडीची पायरी ठरली. ती ओलांडणाऱ्या थोड्यांपुढे विद्यापीठ, नोकरी आणि वकिली यांची दारे उघडत. न ओलांडणाऱ्यांना अर्धीमुर्धी इंग्रजी आणि अर्धवट राहिलेले मराठी एवढेच पदरी पडे.

या वर्गांतील अभ्यासक्रमाची मुख्य अंगे सर्वत्र सारखीच होती : क्रमिक पुस्तकाचे वाचन, शब्दार्थ, व्याकरणदृष्ट्या शब्दांची ओळख, श्रुतलेखन, कवितांचे पाठांतर आणि भाषांतर. यांपैकी भाषांतराचे स्थान विशेष होते. पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेची रचना पाहिली म्हणजे तत्कालीन अपेक्षा स्पष्ट होते. व्याकरणाचा एक नियम, त्यावर आधारलेली वाक्ये आणि ती इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत आणण्याचा सराव, अशी तिची पद्धत. येथे मुलाला दोन भाषा एकाच वेळी तोलाव्या लागत. क्रियापद कोठे येते, कर्ता केव्हा लपतो, एका भाषेत सहज बसणारा प्रयोग दुसरीत का अडखळतो, हे त्याला रोजच्या रोज जाणवे.

या सरावाचे फळ केवळ इंग्रजीच्या वाट्याला आले असे म्हणता येत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले ‘रासेलस’चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले, आणि १८७४ मध्ये त्याच विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी निबंधाला आलेला बांधेसूदपणा इंग्रजी गद्याच्या निकट परिचयातून आला, हे त्यांचे टीकाकारही नाकारीत नाहीत. १८८० च्या जानेवारीत त्यांनी टिळकांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. या शाळेच्या नावातील ‘इंग्लिश’ हा शब्द आणि संस्थापकांचा मराठीविषयीचा अभिमान यांत त्या काळी कोणालाच विसंगती वाटली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

जयपूरमधील चंद्रधर शर्मा गुलेरी यांचे उदाहरण याच अंगाने पाहता येईल. जन्म १८८३, वडील संस्कृत पंडित. घरी संस्कृत आणि शाळेत इंग्रजी असे त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. जयपूरच्या जंतरमंतरचा जीर्णोद्धार करणारे अभियंता गॅरेट यांनी या वेधशाळेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला, त्यात साहाय्यक म्हणून गुलेरींचे नाव आहे. तेव्हा ते विशीचेही नव्हते. संस्कृतातील ज्योतिषविषयक ज्ञान इंग्रजीत आणण्यासाठी दोन्ही भाषांवर अधिकार असलेला माणूस हवा होता, आणि तो जयपुरातच उपलब्ध झाला. पुढे १९१५ च्या ‘उसने कहा था’ या कथेने ते हिंदी साहित्यात अग्रस्थानी गेले. इंग्रजीच्या शिक्षणाने त्यांना आपल्या भाषेपासून तोडले नाही.

तथापि या उदाहरणांनी दिपून जाणे योग्य नव्हे. चिपळूणकर आणि गुलेरी दोघेही विद्वान घराण्यांतले. इंग्रजीला तोलून धरणारी दुसरी भाषा त्यांना घरातच मिळाली होती. ज्यांच्या घरी पोथी नव्हती, त्यांच्यासाठी शाळेनेच हे काम करायला हवे होते. प्रत्यक्षात वरच्या इयत्तांत इतिहास, गणित हे विषयही इंग्रजीतून शिकविले जात आणि घोकंपट्टी वाढे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी अखेरपर्यंत केलेली खटपट या उणिवेवरच बोट ठेवते.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याने इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला, तर २००० साली महाराष्ट्राने तो पहिलीपर्यंत मागे आणला. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये महात्मा गांधी इंग्रजी माध्यम शाळा सुरू केल्या आणि जागांहून अर्ज अधिक आल्यास प्रवेश सोडतीने देण्याची पद्धत ठेवली. गुणवत्तेच्या गाळणीपेक्षा सोडत अधिक न्याय्य, यात शंका नाही. परंतु प्रवेशाचा प्रश्न सुटला म्हणजे अभ्यासाचा प्रश्न सुटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम सुचविले आहे. वादाचा केंद्रबिंदू पुन्हा माध्यम हाच झाला आहे.

जुन्या वर्गांचा इतिहास मात्र निराळ्या प्रश्नाकडे निर्देश करतो. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून, यापेक्षा ती कोणत्या भाषेच्या सोबतीने शिकविली जाते हे अधिक निर्णायक ठरले. भाषांतराचा सराव मधल्या इयत्तांतून हद्दपार होत असताना त्याच्या जागी दोन भाषांना जोडणारे दुसरे काय आणले जाणार आहे, याचे उत्तर अभ्यासक्रमकर्त्यांनी द्यावयाचे आहे. ते न मिळाल्यास इंग्रजी तिसरीच्या पायरीवर अडलेल्या त्या मुलाची गत नव्या शाळांतील मुलांच्याही वाट्याला येईल.