मोहिनी आणि पार्वती : कमलाबाई गोखले व त्यांच्या आई

प्रश्नमंजूषेत हमखास येणारा प्रश्न : भारतीय चित्रपटातली पहिली नायिका कोण? उत्तरही ठरलेलं, कमलाबाई गोखले. उत्तर चूक नाही. पण माझा मूळ पिंड इंजिनिअरचा. कोणी ‘पहिलं’ म्हटलं की दुसरं, तिसरं कधी आलं, हे मी आधी विचारतो. इथे तो प्रश्न विचारला की चित्र थोडं बदलतं.

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातली तारामती म्हणजे साळुंके नावाचे गृहस्थ. फाळक्यांनी बायका शोधल्या, अगदी वेश्यावस्तीतही विचारलं, पण कॅमेऱ्यासमोर यायला कुणी तयार होईना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवली.

त्याच वर्षी नाशकात ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला, आणि त्यात एक सोडून दोन स्त्रिया होत्या. मोहिनी झालेली कमला तेव्हा तेरा-एक वर्षांची. पार्वती झाल्या तिच्या आई दुर्गाबाई कामत. दुर्गाबाई नवऱ्यापासून विभक्त होऊन, मुलीला घेऊन नाटकात आल्या होत्या. एकट्या बाईला इज्जतीने पोट भरण्याचे मार्ग त्या काळी किती होते, हे सांगायला नको. म्हणजे कमला कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती आईने तो रस्ता आधीच धरला होता म्हणून. आणि संगीत नाटकात वाढलेल्या या मुलीचा गळा मूकपटात काहीच कामाचा नव्हता, हेही लक्षात घ्या!

आता माझा प्रश्न : मग पुढे काय झालं? या दोघींमुळे दार उघडलं, असं आपण सहज लिहून जातो. पण 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये सीता पुन्हा साळुंकेच, आणि रामही तेच! 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. चार वर्षांनीही सीतेसाठी पुरुषच आणि सहा वर्षांनी मदतीला घरचीच मुलगी, याला दार उघडणं म्हणत नाहीत.

कमलाबाईंची खरी कारकीर्द रंगभूमीवर झाली. नाटक कंपनीतल्याच रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचं लग्न झालं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरी तीन मुलगे. त्या काम करत राहिल्या. बायकांच्याच मंडळीत पुरुषभूमिकाही केल्या. साळुंक्यांनी साडी नेसली आणि यांनी धोतर. पण एकाचा इलाज दिग्दर्शकाच्या अडचणीवरचा, दुसरीचा घर चालवण्याचा. मुलांपैकी चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी तबलावादक. विक्रम गोखले नातू.

रीना मोहन यांनी कमलाबाईंवर त्यांच्या वृद्धपणी माहितीपट केला, त्यात त्यांचा आवाज ऐकता येतो. मूकपटातली नायिका म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या खणखणीत बोलत्या ऐकाव्यात, अशी माझी वाचकांना शिफारस आहे.

आणि प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांना एक विनंती. उत्तरात कमलाबाईंबरोबर दुर्गाबाईंचंही नाव लिहा. अर्धा गुण तरी त्यांचा आहेच.