कानाचं मशीन, काठी, जयपूर फूट: मागण्याआधी काय माहीत असावं

चष्मा, काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, कानाचं मशीन, कृत्रिम पाय या सगळ्यांना सहायक साधनं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 250 कोटींहून जास्त लोकांना यातलं किमान एक तरी लागतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात कानाकडे सर्वात कमी लक्ष जातं, असं आम्हाला वाटतं. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात उमर गेलेले बुजुर्ग घरोघरी आहेत. सततच्या मोठ्या आवाजाने आधी बारीक सुरांचं ऐकणं जातं. ‘स’, ‘फ’ असे वर्ण निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. घरचे ओरडून बोलतात, दादा गप्प बसतात आणि आपण म्हणतो, वय झालं!

असं गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण उरलेलं मशीनने वापरता येतं. मात्र स्वस्तातलं मशीन परस्पर आणू नका, ते भांड्यांचा आवाजही तितकाच वाढवतं. आधी डॉक्टरांकडून कानातला मळ आणि पडदा तपासावा, मग ऑडिओमेट्री, आणि त्या आलेखानुसार मशीन सेट करून घ्यावं. सवय व्हायला काही आठवडे लागतात. पुष्कळ मशीनं त्याआधीच कपाटात जातात. वजूआधी मशीन काढावं, कान कोरडा करून पुन्हा लावावं.

आता पैशांचं. केंद्राची ‘एडिप’ योजना 1981 पासून आहे, पण तिला किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. कमी ऐकू येणारे बरेच बुजुर्ग त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी 2017 ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे: वय 60 च्या पुढे, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिना 15,000 पर्यंत उत्पन्न. यात काठी, वॉकर, चष्मा, कवळी, कानाचं मशीन मिळतं. साधनं कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी शिबिरात देते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न 2 लाखांपर्यंत असलेल्यांच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये येतात. तेवढ्यात काठी-वॉकर होतं, चांगलं कानाचं मशीन होत नाही. मुंबईत वांद्र्याला, आपले माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे कानाची तपासणी होते.

शुगरमुळे पाय गेलेल्यांसाठी जयपूर फूट. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो 1960 च्या दशकाअखेरीस घडवला, तो अनवाणी चालता यावं, जमिनीवर बसता यावं म्हणून. गुडघा शाबूत असेल तर नमाजच्या बैठकीला याचा उपयोग होतो; गुडघ्यावरून पाय गेला असेल तर खुर्ची लागू शकते. माप देतानाच सांगा की जमिनीवर बसायचं आहे. उरलेला पाय पुढे बारीक होतो आणि साचा सैल पडून घासतो. शुगरवाल्याला ती जखम कळतही नाही, म्हणून रोज रात्री पाय काढून कातडी पाहावी आणि साचा सैल वाटला की लगेच नवं माप घ्यावं.